सभासद बखरीतील काठी : मापांतराचा एक प्रश्न

जुन्या गद्यातील लांबीची मापे आधुनिक मापांत रूपांतरित करताना, वापरलेले कोष्टक त्या ग्रंथाला लागू पडते काय, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतील जमीनमोजणीचा तपशील या दृष्टीने उद्बोधक आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीच्या या बखरीनुसार शिवकालीन काठी पाच हात व पाच मुठी लांबीची होती. हात १४ तसूंचा व संपूर्ण काठी ८२ तसूंची. वीस काठ्या लांब व तितकेच रुंद क्षेत्र म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात रूढ असलेल्या कोष्टकात मात्र हात १६ तसूंचा, म्हणजे १८ इंचांचा, असून तसू सव्वा इंचाहून थोडा कमी, म्हणजे १.१२५ इंच भरतो. मग बखरीतील १४ हा आकडा नकलकाराचा प्रमाद मानावा काय?

याचे उत्तर बखरीतील गणितातच मिळते. हात २४ अंगुळांचा व मूठ चार अंगुळांची धरल्यास मूठ हाताचा सहावा भाग ठरते. १४ तसूंच्या हातास मूठ २⅓ तसूंची होते. पाच हातांचे ७० व पाच मुठींचे ११⅔ मिळून ८१⅔, म्हणजे स्थूलमानाने ८२ तसू येतात. हात १६ तसूंचा धरल्यास हीच बेरीज ९३⅓ होते. दोन्ही आकडे परस्परांना दुजोरा देत असल्याने १४ हा पाठ ग्राह्य मानणे युक्त होय.

या पाठनिर्णयाचे परिणाम दूरगामी आहेत. मुंबई इलाख्याचा तसू लावल्यास काठी २.३४ मीटर व चावर सुमारे ६५ एकरांचा ठरतो. उलट हात १८ इंचांचा मानून त्याचे १४ भाग केल्यास काठी २.६८ मीटर व चावर सुमारे ८५ एकरांचा होतो. म्हणजे केवळ तसूच्या निवडीने एका चावरामागे वीस एकरांचे अंतर पडते, आणि त्यावर आधारलेले धाऱ्याविषयीचे अनुमानही त्याच प्रमाणात बदलते.

अर्थात १८ इंचांचा हात हेही गृहीतकच आहे. म्हणून संपादकाने टीपेत प्रथम ग्रंथांतर्गत प्रमाणे जशीच्या तशी नोंदवावीत. आधुनिक आकडा त्यानंतर, आणि तोही आपले गृहीतक स्पष्ट सांगूनच, द्यावा. अन्यथा टीपकाराचे गृहीतक वाचकाला ग्रंथकाराचे विधान वाटू लागते.