लांबचा मार्ग, थोडा वेळ

दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को ही शहरे परस्परांपासून फार दूर आहेत. भिंतीवरील नकाशात त्यांच्यामधील अंतर पट्टीने मोजू गेल्यास फसगत होते. कारण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल आहे. त्याऐवजी पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून धरावा. तो दोरा सैबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवप्रदेशात शिरतो आणि तेथून अमेरिकेकडे उतरतो. हेच त्यांच्यामधील सर्वांत कमी अंतर होय. ते सुमारे १२,४०० किलोमीटर भरते.

परंतु विमानाला या दोऱ्यावरून नेहमीच जाता येत नाही. वाटेत हिमालय व तिबेटचे पठार लागते. विमानातील हवेचा दाब एकाएकी कमी झाला, तर वैमानिकाला विमान सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली आणावे लागते. आणि तिबेटचे पठारच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे! पुढे ध्रुवप्रदेशात, संकटकाळी उतरण्याजोगे विमानतळही विरळ आहेत. प्रवाशांचे प्राण सांभाळायचे, तर वळसा पत्करावाच लागतो.

एअर इंडियाची विमाने प्रारंभी युरोप व अटलांटिक महासागर यांवरून सॅन फ्रान्सिस्कोला जात. हा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा होता. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एक विमान उलट दिशेने, पॅसिफिक महासागरावरून गेले. या मार्गाने अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर झाले. तरीही तो प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी संपला.

हे कसे घडले? भूपृष्ठापासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. उष्ण प्रदेशातील व ध्रुवाकडील हवेच्या तापमानातील फरक आणि पृथ्वीचे परिवलन यांमुळे ते निर्माण होतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला मागून ताशी १५० किलोमीटरांचा वारा लाभला, की जमिनीच्या मानाने त्याचा वेग १,०५० होतो. तोच वारा समोरून आला, तर वेग ७५० वर येतो. प्रवाहाबरोबर जाणारी नाव आणि प्रवाहाविरुद्ध जाणारी नाव यांत जो भेद, तोच येथेही दिसतो.

घड्याळाची गंमत तर आणखी निराळी. त्या ऑक्टोबर महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ दिल्लीच्या साडेबारा तास मागे होते. दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघून साडेचौदा तास प्रवास केलेला मनुष्य तेथे त्याच दिवशी, त्याच तारखेस, सकाळी ६ वाजता उतरेल!

म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी वाऱ्यांचे अंदाज तपासले जातात, इंधनाचा हिशेब होतो आणि मगच मार्ग ठरतो. विमानाने बरोबर घेतलेले इंधन मर्यादित असते. आकाशात ते पुन्हा भरता येत नाही. कोणता मार्ग जवळचा, याबरोबरच कोणता मार्ग सुखरूप व लवकर पोहोचविणारा, याचाही विचार वैमानिकाला करावा लागतो.