चाळणे, निवडणे आणि टाकणे: कणभौतिकीतील माहितीसंकलनाचे संगणकीय प्रतिरूप

संशोधन म्हणजे मिळेल ती माहिती जपून ठेवणे, अशी आपली, विशेषतः साहित्याच्या अभ्यासकांची, धारणा असते. हस्तलिखिताचा फाटका कपटाही आपल्याला टाकवत नाही. आधुनिक कणभौतिकीत मात्र उलटा प्रकार दिसतो. तेथे हाती आलेल्या माहितीचा बहुतांश भाग पहिल्या काही क्षणांतच, कायमचा टाकून द्यावा लागतो. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे ठरवणारी व्यवस्था यंत्र उभे राहण्याआधी कशी पारखली जाते, हा या लेखाचा विषय आहे.

जिनिव्हाजवळ स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाचा बोगदा आहे. त्यात सर्न या संस्थेचे ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ हे यंत्र आहे. प्रोटॉनांचे पुंजके त्यात विरुद्ध दिशांनी फिरतात आणि दर २५ नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा, एकमेकांतून आरपार जातात. एवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम साडेसात मीटर जातो. तेथील ‘सीएमएस’ हा शोधक सुमारे २१ मीटर लांब आहे. म्हणजे मध्यभागी झालेल्या टकरीतले कण शोधकाच्या टोकापर्यंत पोचण्याआधीच पुढची टक्कर झालेली असते. प्रत्येक वेळची नोंद साधारण एक मेगाबाइट धरली, तर सेकंदाला ४० टेराबाइट माहिती साठते. ती सगळी ठेवणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. ठेवण्याची गरजही नाही. कारण बहुतेक टकरी परिचयाच्या असतात. ४ जुलै २०१२ रोजी ज्याच्या शोधाची घोषणा झाली तो हिग्ज कण एक अब्जाहून अधिक टकरींमागे एखादाच निर्माण होतो.

म्हणून निवड दोन टप्प्यांत होते. आपल्याकडे धान्य आधी चाळतात आणि मग निवडतात. चाळणी दाण्याकडे पाहत नाही, फक्त आकार पाहते, म्हणून ती वेगवान असते. निवडताना मात्र ताटातला दाणा न् दाणा डोळ्यांखालून जातो. सीएमएसमधील पहिला टप्पा चाळणीचा आहे. खास बनवलेली इलेक्ट्रॉनिक मंडले ऊर्जेचे ठोकताळे पाहून सुमारे ४ मायक्रोसेकंदांत निकाल देतात आणि ४ कोटींतून जास्तीत जास्त १ लाख नोंदी पुढे सोडतात. दुसऱ्या टप्प्यात हजारो संगणक उरलेल्या नोंदी बारकाईने तपासून त्यांतल्या साधारण हजारभर ठेवतात. या व्यवस्थेला ‘ट्रिगर’ म्हणतात. बंदुकीच्या ट्रिगरला मराठीत ‘चाप’ हा शब्द आहे आणि ‘चाप लावणे’ म्हणजे आवर घालणे. नोंदीला चालना देणे आणि पुराला आवर घालणे ही दोन्ही कामे ही यंत्रणा करते, म्हणून हा शब्द येथे चपखल बसतो.

खरी अडचण पुढे आहे. निकाल चुकला तर नोंद जाते, हे उघड आहे. पण निकाल बरोबर असूनही नोंद जाऊ शकते. कारण ती आली तेव्हा यंत्र आधीची नोंद वाचण्यात गुंतलेले असते. हा तोटा किती, हे सरासरीवरून कळत नाही. वर्गात फाशाने हे सहज दाखवता येते. फासा फेकत राहावे. सहा पडला की ‘कण आला’ असे समजावे आणि पुढच्या पाच फेका यंत्र वाचनात गुंतलेले धरावे. त्या पाच फेकांत आलेले सहा ‘हुकले’ म्हणून वहीत मांडावेत. सहा सरासरीने सहा फेकांत एकदा पडतो. तो नियमाने दर सहाव्या फेकीला पडत असता, तर एकही हुकला नसता. प्रत्यक्षात फासा नियम पाळत नाही, सहा कधी लागोपाठ पडतात तर कधी बराच वेळ पडत नाहीत. पुरेशा फेका केल्या की दिसते, शंभर सहांपैकी सुमारे ४५ हुकतात. फासा आणि वही यांनी मांडलेला हा खेळ म्हणजेच प्रतिरूप. संगणक हेच काम कोट्यवधी फेकांसाठी करतो.

उपाय म्हणजे प्रतीक्षेसाठी राखीव जागा ठेवणे. हे गणित कणभौतिकीच्या कितीतरी आधीचे आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ए. के. एरलांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या वाहतुकीला संभाव्यतेचे शास्त्र लावले. नोंदी येणे आणि वाचून होणे दोन्ही यादृच्छिक आणि सरासरी वेग समान धरले, तर एकाच जागेच्या यंत्रात निम्म्या नोंदी हुकतात. वाचली जाणारी धरून पाच जागा ठेवल्या, तर सहावा हिस्सा हुकतो. त्याच पाच जागा ठेवून वाचनाचा वेग दुप्पट केला, तर ६३ पैकी एकच हुकते. पैसा जागांवर खर्च करावा की वेगावर, याचे उत्तर असे आधी हिशेबातून मिळते.

मात्र खऱ्या यंत्रात हजारो भाग एकमेकांत गुंतलेले असतात, तेथे सूत्र पुरत नाही. अशा वेळी संगणकात प्रत्येक भागाची रांग, त्याचा वेग आणि त्याचे ‘थांबा’ हे संकेत मांडले जातात. या प्रतिरूपातले घड्याळ सेकंदासेकंदाने चालत नाही. ते एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारते, मधला रिकामा काळ वगळते. कादंबरीकार कथाकाळ हाताळतो, तसेच काहीसे हे आहे.

सीएमएसच्या आतल्या सिलिकॉन शोधकाचे उदाहरण बोलके आहे. त्यातील सत्तर हजारांहून अधिक चिप्समध्ये राखीव जागा मोजक्याच आहेत. त्या भरल्याचा निरोप वर पोचेपर्यंत फार उशीर होतो. म्हणून चिपच्या वर्तनाची हुबेहूब नक्कल करणारे एक मंडल नियंत्रणकक्षाजवळ बसवले गेले. निर्णय सगळ्यांना सारखेच कळवले जातात, त्यामुळे आत किती जागा भरल्या असतील हे ती नक्कल जागच्या जागी सांगते आणि वेळीच थांबवते. येथे प्रतिरूप हे यंत्राचे वर्णन न राहता यंत्राचाच एक अवयव झाले.

तरीही प्रतिरूपाला मर्यादा आहे. आपण त्याला जे सांगितले, त्यापलीकडचे ते जाणत नाही. चाळणीची भोके अपेक्षेनुसार पाडलेली असतात. अनपेक्षित ते त्यातून निसटू शकते आणि निसटले हे कळतही नाही. म्हणून काही नोंदी मुद्दाम कोणताही निकष न लावता, नमुन्यादाखल ठेवल्या जातात. त्यांच्यावरून चाळणीचीच परीक्षा होते. पाठ्यपुस्तकासाठी वेचे निवडणाऱ्या मंडळानेही हा शहाणपणा विचारात घ्यावा असा आहे.

या कामाशी आपला दुवा दूरचा नाही. सीएमएसच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा आहे आणि कोलायडरची अवजड चुंबके अचूक जागी बसवणाऱ्या जॅकची रचना इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात झाली. मराठीत मात्र हा विषय अद्याप नीट उतरलेला नाही. यंत्र गुंतलेले असण्याच्या अवधीसाठी इंग्रजीच्या धर्तीवर ‘मृतकाळ’ म्हणणे सोपे आहे, पण त्या काळात यंत्र मेलेले नसते, कामात बुडालेले असते. ‘व्यग्रकाळ’ म्हटले तर विद्यार्थ्याला नोंद का हुकली याचे कारण शब्दातच सापडेल. विज्ञान शिकवणाऱ्यांनी आणि भाषा शिकवणाऱ्यांनी अशा शब्दांसाठी एकत्र बसण्याची गरज आहे.