सातव्या महिन्यातलं बाळ चौथीत जातं तेव्हा

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ ही आपल्याकडची जुनी समजूत. वैद्यकशास्त्र नेमकं उलट सांगतं. दिवस भरेपर्यंत पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा सहसा बाळाच्या फायद्याचाच. देवळाली प्रवरेत दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या की घरचे लोणीचं प्रवरा ग्रामीण रुग्णालय नाहीतर अहिल्यानगर गाठतात. बाळ काही आठवडे ‘काचेत’ राहतं, वजन धरतं, घरी येतं. पेढे वाटले की विषय संपला, असं सगळे धरून चालतात. तो संपत नाही.

बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे फारच अपुऱ्या दिवसांचं. गर्भाच्या मेंदूला वळ्या पडतात, ते प्रामुख्याने शेवटच्या तीन महिन्यांत. मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण घालणाऱ्या पेशी तेव्हा अर्ध्या घडलेल्या असतात. प्राणवायू कमी पडला किंवा जंतुसंसर्ग झाला की पहिला फटका त्यांना बसतो. मोठा रक्तस्राव झालाच, तर टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत दिसतो. बारीक बिघाड मात्र तिथे दिसेलच असं नाही. तो वर्गात दिसतो.

हे आपल्याच मुलांवर तपासलं पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा त्यांनी अठराव्या वर्षापर्यंत माग ठेवला. पत्ते बदलणाऱ्या शहरात हे काम किती चिकाटीचं असेल! निवड वजनावर होती, त्यामुळे त्यात दिवस भरलेली पण बारीक बाळंही होती. बाराव्या वर्षी अशी १८० मुलं आणि पुरेशा वजनाची ९० मुलं तपासली. बुद्ध्यांकाची सरासरी पहिल्या गटात ८९.५, दुसऱ्यात ९७.२. अपुऱ्या दिवसांची आणि त्या दिवसांच्या मानानेही कमी वजनाची मुलं सर्वांत मागे होती, ८५.४. डोळ्यांनी पाहिलेलं हाताने उतरवणं, वाचन आणि गणित इथे ती अडखळत होती. पण पहिल्या गटाची सरासरीही सर्वसाधारण मर्यादेतच होती, हे विसरू नये. ही मुलं ‘मंद’ नव्हेत. नेमकं म्हणूनच त्यांची अडचण कुणाच्या लक्षात येत नाही. चौथीतला मुलगा फळ्यावरचं उतरवून घेत नाही, तेव्हा बाई त्याला आळशी म्हणतात. त्याच्या जन्माची हकिगत त्यांना कुणी सांगितलेलीच नसते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. १९९० ते २००८ दरम्यान जन्मलेल्या, फारच अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे देशोदेशींचे अभ्यास २०१८मध्ये एकत्र मांडले गेले. बुद्ध्यांकातली तफावत सरासरी सुमारे १३ गुणांची निघाली. त्या काळात उपचार सुधारले, तरी ती कमी झालेली नव्हती.

मग हातात काय आहे? बरंच आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं, म्हणजे कांगारू पद्धत, बिनखर्चाची आहे आणि वडील, आजीही ती करू शकतात. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पहिल्या तीस दिवसांत व्हायलाच हवी, आणि कानांचीही टाळू नये. दोन महिने आधी आलेलं बाळ आठ महिन्यांचं झालं की त्याची प्रगती सहा महिन्यांच्या बाळाशी ताडायची. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब. आशाताई घरी येऊन नवजात बाळ पाहतात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरच्या नवजात सेवेचं जे काम उभं केलं, त्यातूनच ही वाट निघाली. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते, विकासातला उशीरही त्यात पाहतात.

साखळी तुटते ती स्थलांतरात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या या भागात उतरतात, हंगाम संपला की परततात. इथे जन्मलेल्या बाळाची पुढची तपासणी भलत्याच जिल्ह्यात पडते, किंवा पडतच नाही.

म्हणून घरात असं मूल असेल, तर रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, गाव सोडताना सोबत न्या आणि पहिलीच्या प्रवेशावेळी त्याची एक प्रत वर्गशिक्षकांच्या हातात द्या.