न छापलेलें चित्रकार्ड

लहानपणीं ज्या खेळाडूवर आपला जीव जडतो, त्याचें चित्र जवळ असावें, ही इच्छा सर्व देशांतील मुलांस सारखीच. अमेरिकेंत ती चघळावयाच्या गोंदाच्या व्यापाऱ्यांनीं बरोबर ओळखली. १९३३ सालीं बोस्टनच्या गौडी कंपनीनें एका सेंटाच्या पुडींत बेसबॉलपटूचें एक चित्रकार्ड घालण्यास आरंभ केला. मालेचे क्रमांक २४०. त्यांत एकट्या बेब रूथचीं चार कार्डें! परंतु कृष्णवर्णीय खेळाडू शोधूं गेल्यास एकहि सांपडावयाचा नाहीं. मोठ्या संघांनीं अलिखित संकेतानें त्यांस बाहेर ठेविलें होतें. आणि जो संघांत नाहीं, तो पुडींत कोठून येणार?

जॉश गिब्सन हा त्यांपैकींच एक. त्या वर्षीं तो पिट्सबर्गच्या क्रॉफर्ड्स संघाकडून खेळत होता. फलंदाजाच्या मागें बसून चेंडू झेलणें हें त्याचें काम, आणि टोला मारण्यांत त्याची तुलना खुद्द रूथशीं होई. २० जानेवारी १९४७ रोजीं, अवघ्या ३५ व्या वर्षीं, तो वारला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, १५ एप्रिल रोजीं, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघांतून मैदानांत उतरला.

अशा वीरांचीं जुन्या धर्तीचीं कार्डें कल्पनेनें रचणारे हौशी लोक अलीकडे पुष्कळ आहेत. आम्हांसहि तो मोह आवरला नाहीं. दर्शनी बाजू सोपी आहे. आकार अडीच इंच रुंद व तीन इंच उंच याहून किंचित् लहान, मागें एकाच रंगाचा सपाट पडदा, त्यावर हातानें रंगविलेली छबी, तळाशीं तांबडी पट्टी. कित्येकजण त्याच्या अंगांत न्यूयॉर्कच्या यांकीजचा पोषाख चढवितात. आम्हांस तें रुचत नाहीं. त्याला त्याच्याच संघाची टोपी शोभते. कार्ड चहाच्या पाण्यांत बुडवून, कोपरे घासून जुनें करण्याची युक्तिहि आम्हीं टाळली. कोणा मुलाच्या खिशांत जें कधीं गेलेंच नाहीं, त्याचे कोपरे झिजतील कसे?

खरी अडचण पाठीमागच्या हिरव्या मजकुराची. तेथें पराक्रम सांगावयाचा. पण त्याचे कितीएक सामने कोणी नीट टिपलेच नाहींत. १९७२ सालीं त्याची सन्मान-मंदिरांत स्थापना झाली; तेथील पाटीवर सुमारें ८०० होमरन लिहिले आहेत, त्यांत लीगबाहेरील सामनेहि धरलेले. २०२४ सालीं मोठ्या लीगनें निग्रो लीगांचे १९२० ते १९४८ चे आंकडे आपल्या दप्तरांत घेतले, तेव्हां फलंदाजींत हजारीं ३७२ या सरासरीनें गिब्सन टाय कॉबच्याहि वर गेला. हें वाचून आनंद झाला. पण १९३३ च्या कार्डावर तो आंकडा घालतां येत नाहीं. तेव्हां त्याचा तो २१ वर्षांचा होता. म्हणून ग्रीनली मैदानावर बसणाऱ्या एखाद्या पोरास जेवढें ठाऊक असेल, तेवढेंच आम्हीं लिहिलें: जन्म जॉर्जियांत, १९११, चेंडू कुंपणापार धाडतो. खालीं बारीक अक्षरांत, हें कार्ड कल्पित असून आजचें आहे, असेंहि नोंदविलें. नाहीं तर उद्यां कोणी तें जुनें म्हणून विकावयाचा.

राहिला क्रमांक. माला २४० वर संपते. तेव्हां आम्हीं २४१ घातला.