चर्चगेटला चर्च कुठे आहे?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे हा प्रश्न मला पडलाच! कुंभवलीहून रिक्षाने बोईसर, तिथून लोकल. २०१३ मध्ये लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत आली, म्हणून एका तिकिटात मुंबई. चर्चगेटला उतरून सरळ पूर्वेकडे चालत सुटायचं. हुतात्मा चौकात थांबा. इंग्रजांच्या किल्ल्याचा ‘चर्च गेट’ हा दरवाजा इथे होता. १८६०च्या दशकात तटबंदीबरोबर तोही पाडला, नाव मात्र स्टेशनला चिकटलं. त्याच रस्त्याने पुढे १७१८ सालचं सेंट थॉमस कॅथेड्रल. हेच ते चर्च! म्हणजे स्टेशन किल्ल्याबाहेर, अन् आपण चालत आत शिरलो. टॅक्सीत बसून हे कळत नाही.

विरारपर्यंत गाड्याच गाड्या, पुढे मात्र मोजक्याच. परतीची डहाणू लोकल आधीच बघून ठेवा. ती चुकली तर वॉर्डनना काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा.