तेल रबर ठरवतं

तुळजापूरचा घाट उतरताना एका कॉलेजच्या पोराच्या सायकलचा ब्रेक लिवर मुठीला टेकू लागला. धाराशिवात डिस्कवाल्या सायकली पुष्कळ, पण बहुतेकींना तार असते, तेलवाल्या कमी. अशा ब्रेकमध्ये नेमकं कुठलं तेल घालतात, हे पाहायला मी त्याच्यासोबत सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानात गेलो.

पोरानं मोटारसायकलच्या स्पेअर पार्टवाल्याकडून डॉट ४ ची बाटली आणली होती. "काका, ब्रेक ऑइलच आहे. हेच टाका."

काकांनी बाटली बाजूला ठेवली. "हे नवं असताना २३० अंशांना उकळतं. पाणी धरलं की १५५."

डॉट तेल हवेतला ओलावा शोषतं. ३.७ टक्के पाणी मुरलं, की ते १५५ अंशांच्या आसपासच उकळू शकतं. लांब उतारावर डिस्क तापते, तेलाची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिवर सैल पडतो. सायकलच्या ब्रेकमध्ये चालणारं दुसरं, मिनरल तेल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी तळाशी, कॅलिपरमध्ये साचतं आणि १०० अंशांनाच उकळतं. म्हणजे दोन्ही तेलं वेळेवर बदलावीच लागतात.

पण काकांच्या लेखी मोठा प्रश्न उष्णतेचा नव्हताच. आतलं रबर कुठलं, हा होता. शिमानो, मागुरा, टेक्ट्रोचं रबर मिनरलसाठी. होपचं आणि स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकचं डॉटसाठी. स्रॅमनं अलीकडे काही मॉडेल मिनरलवर आणली, त्यामुळे नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही. चुकीच्या तेलानं रबर फुगतं, पिस्टन अडकतो. मग कधीकधी अख्खा ब्रेकच बदलावा लागतो.

पोराच्या ब्रेकच्या झाकणावर 'मिनरल ऑइल' कोरलेलं होतं. तरी काकांचा विश्वास बसेना, कारण सायकल सेकंडहँड होती. त्यांनी सिरिंजनं जुनं तेल थोडं ओढलं आणि पाण्याच्या वाटीत एक थेंब सोडला. डॉट असतं तर पाण्यात विरघळलं असतं. थेंब पसरून वरच तरंगत राहिला. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला. एवढ्या धीरानं काम करणारा माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. उतारावर पोराचा जीव त्या थेंबावरच होता.

मग हवा काढली, नवं मिनरल भरलं, लिवर घट्ट झाला.

"ही बाटली वडिलांच्या गाडीला लागेल," काका म्हणाले. "पण आधी गाडीच्या ब्रेकचं झाकण वाच. आणि एकदा फोडलीस की ठेवून देऊ नकोस, १५५ लक्षात ठेव."