तरुण खेळाडूंची जोपासना : संगणकावर आणि मैदानावर

आपला मुलगा सायंकाळी संगणकापुढे बसून ‘संघ चालवितो’, म्हणजे नेमके करतो तरी काय, असा प्रश्न पुष्कळ पालकांस पडतो. त्याचे उत्तर देणे हा या लेखाचा पहिला हेतू होय. त्या खेळातून नांदेड-लातूरकडील शाळांनी काय घ्यावे व काय टाकावे, हे सांगणे हा दुसरा.

संगणकावरील कित्येक खेळांत केवळ बोटांची चपळाई लागते. त्यांविषयी येथे लिहावयाचे नाही. बास्केटबॉलच्या व्यवस्थापनाचा खेळ निराळ्या जातीचा आहे. त्यांपैकी ‘बझरबीटर’ नावाचा खेळ २००७ साली सुरू झाला. त्यात खेळणारा मनुष्य स्वतः चेंडू टाकीत नाही. तो एका काल्पनिक संघाचा व्यवस्थापक होतो. खेळाडू विकत घेतो, विकतो, कोणास कोणत्या जागी उतरवावयाचे ते ठरवितो, आणि सामन्याचा निकाल संगणक हिशेब करून सांगतो. अशा संघाच्या उत्कर्षाचा एक मोठा मार्ग म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांचे खेळाडू निवडून त्यांस शिकवून तयार करणे. हे शिक्षण कसे चालते ते पाहू.

पहिला नियम असा की, जो खेळतो तोच शिकतो. व्यवस्थापक दर आठवड्यास एक गुण निवडतो. उदाहरणार्थ, चेंडू दुसऱ्यास देणे, दुरून नेम धरणे, किंवा कडीवरून उसळून आलेला चेंडू पकडणे. त्याबरोबर तो जागाही निवडतो. त्या आठवड्यात त्या जागी जे उतरले असतील त्यांनाच तो गुण मिळतो. पूर्ण लाभासाठी सुमारे ४८ मिनिटे, म्हणजे एक अखंड सामना, खेळावे लागते. आठवड्यात तीन सामने झाले, तर एका जागेची मिनिटे होतात १४४; म्हणजे तिघांचेच शिक्षण पुरते होते. दोन जागा निवडल्या तर सहा जण शिकतात, परंतु प्रत्येकाच्या वाट्यास कमी येते. विहिरीचे पाणी तेवढेच आणि वाफे दुप्पट केले, तर ओल किती खोल जाईल, हे मराठवाड्यातील मुलांस समजावून सांगावयास नको.

दुसरा नियम वयाचा. लहान वयाचा खेळाडू लवकर शिकतो. वय वाढेल तसतशी प्रगती मंदावते. तिसरा नियम उंचीचा. उंच खेळाडूस कडीजवळची कामे लवकर साधतात. ठेंगण्यास चेंडू हाताळणे व दुरून टाकणे लवकर येते. चौथा नियम विश्रांतीचा. आठवड्यात फारच थोडी मिनिटे मिळाली तर खेळाडूची तयारी ढासळते, आणि अति मिनिटे खेळला तरीही ढासळते. साठ-सत्तर मिनिटांच्या आसपास ती उत्तम राहते. पाचवा नियम ‘आवाक्याचा’. प्रत्येक खेळाडू शेवटी कोठवर पोहोचेल, हे त्याच्या नावापुढे पहिल्याच दिवशी लिहिलेले असते. ती मर्यादा आली की पुढील शिकवणी बहुतेक वाया जाते. म्हणून शहाणा व्यवस्थापक अल्प आवाक्याचा मुलगा घेतच नाही, किंवा घेतलाच तर लवकर विकून टाकतो.

यांपैकी पहिले व चौथे तत्त्व खऱ्या मैदानावरही अक्षरशः खरे आहे. बाकावर बसून कोणी बास्केटबॉल शिकत नाही, आणि एकाच हुशार मुलास प्रत्येक सामन्यात राबविल्याने त्याचेही कल्याण होत नाही. वयाचे तत्त्वही बहुतांशी पटण्यासारखे आहे. परंतु पाचवे तत्त्व जेव्हा आपण मुलांस लावू पाहतो, तेव्हा मोठा घात होतो. कारण कोणत्याही जिवंत मुलाच्या कपाळावर त्याचा आवाका लिहिलेला नसतो.

याचे एक सुप्रसिद्ध उदाहरण आहे. १९७८ साली अमेरिकेतील विल्मिंग्टन गावी एका पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यास शाळेच्या मुख्य संघात जागा मिळाली नाही. त्याची उंची त्या वेळी सुमारे ५ फूट १० इंच होती. त्यास कनिष्ठ संघात खेळावयास मिळाले. पुढे तो उंचही झाला आणि कुशलही. त्याचे नाव मायकेल जॉर्डन. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, मुख्य संघाने त्यास घेतले नाही तरी खेळण्याची मिनिटे त्यास दुसरीकडे मिळत राहिली. ती मिळाली नसती तर केवळ उंची वाढून काय झाले असते?

बास्केटबॉलचा जन्मच मुळी या विचारातून झाला आहे. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकांनी तो शोधून काढला. त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले होते. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नसल्यामुळे कंटाळलेला त्यांचा १८ विद्यार्थ्यांचा वर्ग होता. दहा फूट उंचीवर फळांच्या दोन टोपल्या ठोकून त्यांनी नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. अर्थात बाकावर बसावयास कोणी उरलाच नाही! याच स्प्रिंगफील्डच्या परंपरेतले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रास येथे वाय. एम. सी. ए. ची शारीरिक शिक्षणाची शाळा स्थापिली, आणि हिंदुस्थानात क्रीडाशिक्षक शास्त्रशुद्ध रीतीने तयार होऊ लागले.

आता आपल्याकडे पाहू. ‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर झाले आहे, आणि नांदेडही शिकवणी वर्गांसाठी तितकेच प्रसिद्ध आहे. त्या परिश्रमांविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि या वातावरणात बारा-तेरा वर्षांच्या मुलाविषयी ‘हा होणारा’ आणि ‘हा न होणारा’ असा निवाडा फार लवकर दिला जातो, आणि उत्तम शिक्षकांची मिनिटे पहिल्याच्या वाट्यास जातात. मैदानावरही तेच घडते : चार उंच मुले खेळतात, तीस मुले टाळ्या वाजवितात. मग पाच वर्षांनी आपण म्हणतो, ‘पाहा, त्या तिसांत काही नव्हतेच!’ शंभरांतील एक मेंढरू हरवले असता नव्याण्णव सोडून त्याच्या शोधास निघणाऱ्या मेंढपाळाचा दाखला ज्या शाळेत दरवर्षी सांगितला जातो, तेथे तरी तीस मुले अशी सहज सोडून देता येणार नाहीत.

म्हणून आमच्या सूचना थोडक्यात अशा. वर्गावर्गांतील सामन्यांत प्रत्येक विद्यार्थ्यास निदान एक डाव मिळावा, आणि कोण किती मिनिटे खेळला याची वही ठेवावी. लहान मुलांकरिता कडी ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटर उंचीवर लावावी, म्हणजे ठेंगण्या मुलाचाही चेंडू पोहोचेल. आज उंच असलेला मुलगा उद्या इतरांइतकाच ठरू शकतो, याकरिता सर्वांस सर्व जागी खेळवावे. उन्हाळ्यात सराव सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर घ्यावा. आणि दहावी आली म्हणून मैदान अजिबात बंद करू नये. अल्प मिनिटांनी तयारी ढासळते, हे संगणकासही ठाऊक आहे.

पालकांस विनंती एवढीच की, मुलगा आपला संघ दाखवील तेव्हा त्यास रागे न भरता विचारावे : ‘या आठवड्यात कोणास शिकविलेस? त्यालाच का? आणि ज्यांना मिनिटे मिळाली नाहीत, त्यांचे पुढे काय झाले?’ तिसऱ्या प्रश्नास तो बहुधा ‘विकून टाकले’ असे उत्तर देईल. तेव्हा त्याच्याशी बोलावयास बसावे, आणि मग त्यास घेऊन मैदानावर जावे.